सापळा, बाजार आणि कायदा

‘मस्करॅट’ ह्या इंग्रजी शब्दाने दोन अगदी भिन्न प्राण्यांचा बोध होतो. ब्रिटिश अमदानीत कलकत्त्याच्या बंगल्यांतून राहणारे साहेबलोक हा शब्द वापरीत तो चिचुंद्रीसाठी. रात्री भिंतीच्या कडेकडेने धावणारी आणि अंगाच्या उग्र दर्पामुळे न पाहताही ओळखू येणारी चिचुंद्री त्यांना मुळी उंदीरच वाटली. 1894 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द जंगल बुक’ मध्ये किपलिंग ह्याने ‘चुचुंद्रा’ नावाचे जे भित्रे पात्र रंगविले आहे, त्यालाही त्याने मस्करॅटच म्हटले आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने चिचुंद्री उंदरांच्या जातीची नव्हे. ती किडे खाऊन जगते. खरा मस्करॅट हा उत्तर अमेरिकेतील दलदलीत राहणारा, पाण्यात पोहणारा, बोरू-लव्हाळ्यांची घरटी बांधणारा आणि दाट, मऊ कातडीसाठी शतकानुशतके धरला गेलेला कुरतडणारा प्राणी आहे. भारतातील कोणत्याही पाणथळीत तो आढळत नाही.

असे असता, त्याला धरण्याच्या नियमांपासून कोलकात्यातील ह्या व्याख्यानाचा आरंभ व्हावा, हे श्रोत्यांना चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सापळ्यासंबंधीचा कोणताही कायदा घेतला, तरी त्याला काही ठराविक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. कोणता प्राणी धरावा? केव्हा धरावा? कशाने धरावा? आणि ज्याची उपजीविका धरण्यावरच चालते, त्या माणसाचे काय करावे? मस्करॅटच्या निमित्ताने निरनिराळ्या देशांनी ह्या प्रश्नांची निरनिराळी उत्तरे दिली. भारतात, आणि विशेषतः ज्या शहराचा बाजार एके काळी देशोदेशींच्या प्राणिसंग्रहालयांना माल पुरवीत असे त्या कलकत्त्यात, ह्याच प्रश्नांची उत्तरे शंभराहून अधिक वर्षे एकेक करून शोधली गेली. ती सारी सापडली आहेत असे मात्र म्हणता येत नाही.

प्रथम मस्करॅटची हकीकत थोडक्यात पाहू. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत आणि कॅनडात मस्करॅट धरणे हा परवान्याने चालणारा धंदा आहे. त्यासाठी हंगाम ठरलेला असतो. तो बहुधा थंडीचा, कारण त्या काळात कातडीवरची लव दाट असते आणि पिलांच्या संगोपनाचा काळ संपलेला असतो. अनेक राज्यांत प्रत्येक सापळ्याला धन्याच्या नावाची पट्टी अडकवावी लागते, ठराविक अवधीत सापळा तपासावा लागतो, आणि प्राण्याचे घरटे फोडणे हा गुन्हा मानला जातो. ह्या नियमांमागील विचार शेतकऱ्याच्या विचारासारखा आहे. पीक कापावे, पण बियाणे राखावे.

युरोपात हाच प्राणी शत्रू ठरला. 1905 मध्ये प्रागजवळील डोब्रीश येथे एका सरदाराने काही मस्करॅट आणून सोडले. पुढे त्यांची संतती मध्य युरोपभर पसरली आणि कालव्यांचे व धरणांचे बांध पोखरू लागली. समुद्रसपाटीखालील भूमी बांधांच्या आधाराने राखणाऱ्या नेदरलँड्समध्ये मस्करॅट धरण्यासाठी पगारी माणसे नेमावी लागली. ब्रिटनने 1932 मध्ये आयात केलेल्या उपद्रवी प्राण्यांविषयी कायदा केला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आपल्या बेटावरून मस्करॅट समूळ नाहीसा केला. मात्र त्या मोहिमेत सापळ्यांत सापडलेल्या इतर जीवांची, पाणउंदरांची आणि पाणकोंबड्यांची, संख्या मस्करॅटपेक्षा कितीतरी अधिक भरली. सापळ्याविषयीचे हे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे सत्य होय. कायदा प्राण्यांची यादी करू शकतो. सापळ्याला ती यादी वाचता येत नाही. जो पाय पडेल तो तो धरतो.

आता कलकत्त्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकात ह्या शहरातील टिरेट्टा बाजार हा पक्षी व प्राणी ह्यांच्या विक्रीसाठी प्रसिद्ध होता. एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक म्हणून 1841 मध्ये आलेल्या एडवर्ड ब्लाइथ ह्यांना अभ्यासासाठी लागणारे अनेक नमुने बाजारातूनच मिळत. तुटपुंज्या वेतनाला जोड म्हणून त्यांनी स्वतःही जिवंत प्राण्यांच्या व्यवहारात लक्ष घातले होते. एंटाली भागातील विल्यम रटलेज हे प्राण्यांचे नामांकित व्यापारी होते. पुढे इंडियन म्युझियममध्ये काम करणारे फ्रँक फिन हेही बाजारातील टोपल्यांतून दुर्मिळ पक्षी हुडकीत असत. म्हणजे भारतीय प्राणिशास्त्राचा एक पाया संग्रहालयात घातला गेला, तर दुसरा फासेकऱ्याच्या टोपलीत. ह्या टोपल्या बंगाल, बिहार, आसाम आणि तराईच्या पाणथळींतून येत. बाजाराचा हात जेथवर पोहोचे, तेथवर सापळा पोहोचे.

ह्या व्यवहाराला पहिला लगाम 1887 च्या कायद्याने घातला. वन्य पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात, नगरपालिकांच्या व छावण्यांच्या हद्दीत, नुकतेच मारलेले अथवा धरलेले पक्षी विकण्यास वा जवळ बाळगण्यास मनाई करण्याचा अधिकार त्यात दिला होता. ह्या कायद्याची दृष्टी बाजारावर होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. परंतु हद्द ओलांडली की त्याचा अंमल संपे, आणि हंगाम ओलांडला की त्याचे अस्तित्वच संपे. 1902 मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी आली. त्या काळी युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांवर बगळ्यांचे तुरे लावण्याची मोठी टूम होती आणि त्यासाठी विणीच्या काळातच बगळे मारले जात, कारण ते तुरे त्याच काळात फुटतात. बंदीनंतर चोरटी निर्यात सुरू झाली. तरीही समुद्राच्या दारावर पहारा बसविण्याची कल्पना ह्या बंदीने रूढ केली.

त्यानंतरचा 1912 चा वन्य पक्षी व प्राणी संरक्षण अधिनियम हा सर्व ब्रिटिश भारतासाठी होता. त्याच्या परिशिष्टात बदके, माळढोक, तित्तिर, मोर, बगळे, धीवर इत्यादी पक्षी आणि हरणे, गवे, गेंडे, ससे इत्यादी पशू दाखल होते. प्रांतिक सरकारने ‘बंदी-काळ’ जाहीर करावा आणि त्या काळात नमूद केलेला प्राणी कोणी धरू नये, मारू नये, विकू अथवा विकत घेऊ नये, अशी त्याची योजना होती. पहिल्या अपराधाला पन्नास रुपयांपर्यंत दंड होता; पुन्हा अपराध केल्यास एक महिन्यापर्यंत कैद, शंभर रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. ह्या कायद्याने ‘कोणता’ आणि ‘केव्हा’ ह्या दोन प्रश्नांची उत्तरे दिली. ‘कशाने’ आणि ‘किती’ हे प्रश्न त्याने विचारलेच नाहीत. बंदी-काळ सरला की बंदूक, जाळे, फासा, चिकट चीक, काहीही चाले. बंदुकीने शिकार करणाऱ्याच्या सोयीने तो लिहिला होता. हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात तेथे एका जाळ्यात काय काय येते, ह्याचा विचार त्यात नव्हता.

ह्या उणिवेची किंमत समजून घ्यावयाची असेल, तर गुलाबी डोक्याच्या बदकाचे उदाहरण पाहावे. गंगेच्या उत्तरेकडील उंच गवतांनी वेढलेल्या तळ्यांत, बिहार-बंगाल-आसामच्या पट्ट्यात, हे बदक राही. मुळातच ते विरळ होते. थंडीच्या दिवसांत इतर बदकांबरोबर त्यातले एखादे कलकत्त्याच्या बाजारात येई. सर डेव्हिड एझ्रा हे कलकत्त्याचे धनिक. किड स्ट्रीटवरील त्यांच्या वाड्यात खाजगी प्राणिसंग्रह होता. त्यांनी काही जिवंत बदके मिळवून इंग्लंडमध्ये आपले बंधू आल्फ्रेड ह्यांच्याकडे पाठविली. फॉक्सवॉरन पार्क येथील तळ्यावर ती काही वर्षे जगली, परंतु तेथे त्यांची वीण झाली नाही. जंगलातील शेवटची खात्रीलायक नोंद 1935 मधील, दरभंग्याकडची. त्यानंतर दिसल्याच्या वार्ता आल्या, शोधमोहिमा झाल्या. पक्षी मात्र गवसला नाही. त्याच्या नाशाला केवळ जाळे कारण झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल; गवताळ रान शेतीखाली गेले, हे मोठे कारण होय. तथापि एवढे निश्चित की, जो प्राणी विरळ आहे त्याला हंगामी नियम अपुरा पडतो. विणीच्या चार महिन्यांत वाचलेले बदक उरलेल्या आठ महिन्यांत मेले, तर कायद्याचा भंग न होताही जात संपू शकते.

स्वातंत्र्योत्तर काळात ही जाणीव हळूहळू कायद्यात उतरली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने ‘शिकार’ ह्या शब्दाची व्याख्याच रुंद केली. मारणे एवढीच शिकार न राहता, पकडणे, विष घालणे, फास लावणे, सापळ्यात धरणे आणि ह्यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे म्हणजे शिकार, असे त्याने ठरविले. पक्ष्यांची अथवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी वा घरटी बिघडविणे हेही त्यात आले. ‘कशाने’ ह्या प्रश्नालाही प्रथमच स्पष्ट उत्तर मिळाले. मूळ अधिनियमातील सतराव्या कलमात स्फोटके, विष, जाळी, खड्डे, फासे व सापळे वापरण्यास मनाई होती. अपवाद एकच होता, आणि तो म्हणजे सापळ्याने प्राणी धरण्याचा स्वतंत्र परवाना. म्हणजे त्या वेळी भारतीय कायदाही अमेरिकी पद्धतीच्या जवळ होता. परवाना घ्या, नोंद ठेवा, मर्यादेत धरा.

ही परवान्याची व्यवस्था फार काळ टिकली नाही. परवाना एका पक्ष्याचा, आणि पिंजऱ्यात पक्षी दहा जातींचे. नोंदवहीत एक आकडा, आणि बंदरावर दुसरा. असा व्यवहार रोखणे तपासनीसांच्या हातात राहिले नव्हते. 1976 मध्ये भारत वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या ‘साइटीस’ करारात सामील झाला. 1978 मध्ये माकडांची, 1987 मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद झाली. देशी पक्ष्यांचा व्यापार 1990-91 मध्ये बंद झाला, आणि 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे व सापळ्याचे परवानेच रद्द केले. तेव्हापासून नियमाचा प्रकार बदलला. धरण्याची मोकळीक आणि त्याला काही अपवाद, ही जुनी रीत. धरण्यास मनाई आणि तिला काही अपवाद, ही नवी.

हे अपवाद मोजके आहेत. अकराव्या कलमान्वये, माणसाच्या जिवाला अथवा, काही प्राण्यांच्या बाबतीत, उभ्या पिकाला धोका असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतो. बाराव्या कलमान्वये शिक्षण, शास्त्रीय संशोधन, प्राणिसंग्रहालये आणि सर्पविषापासून औषधनिर्मिती ह्यांसाठी परवानगी मिळू शकते. शिक्षाही वाढत गेल्या. 1912 मधील पन्नास रुपयांच्या जागी, 2002 च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान दहा हजार रुपये दंड आला. 2022 च्या दुरुस्तीने ही किमान रक्कम पंचवीस हजारांवर नेली. एकोणचाळिसावे कलम तर सापळ्यापर्यंतच पोहोचते. गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले वाहन, नाव, हत्यार, सापळा अथवा अवजार सरकारच्या मालकीचे होते.

ह्या नियमांचा अर्थ कोलकात्याच्या वेशीवरच समजतो. शहराच्या पूर्वेकडील खारट दलदल 1960 च्या दशकात हुगळीच्या पात्रातील गाळाने भरून काढण्यात येत होती, आणि त्या जागी बिधाननगर उभे राहत होते. त्याच दशकात, 1965 मध्ये, त्या दलदलीतील मुंगसाचे वर्णन एक नवीन जाती म्हणून प्रसिद्ध झाले. पुढील अभ्यासकांनी त्याला छोट्या भारतीय मुंगसाचेच रूप मानले. नावाचा वाद बाजूला ठेवला, तरी नवीन म्हणून वर्णिलेला प्राणी आणि त्याचे घर बुजविणारा गाळ हे एकाच दशकात समोरासमोर आले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. मुंगसाला दुसरेही संकट होते. चित्रकाराच्या उत्तम कुंचल्यासाठी त्याचे ताठ, लवचीक केस लागत आणि त्यापायी देशभर मुंगसे फाशात धरली जात. 2002 मध्ये त्याला अनुसूचीत वरचे स्थान देण्यात आले, त्यामागे हा व्यापार होता.

उरलेल्या पाणथळीला, सुमारे साडेबारा हजार हेक्टर क्षेत्राला, 2002 मध्ये ‘रामसर’ दर्जा मिळाला. शहराचे सांडपाणी पोसणाऱ्या ह्या भेऱ्यांत, म्हणजे मत्स्यतळ्यांत, मासे वाढतात. आणि बंगालच्या अशा तळ्यांकाठी मासे खाणारे प्राणीही येतात. त्यांतला एक म्हणजे मासेमार मांजर, बंगालीत ‘बाघरोल’. पश्चिम बंगालने त्याला आपला राज्यप्राणी मानले आहे आणि ते पहिल्या अनुसूचीत आहे. परंतु तळ्याच्या धन्याच्या दृष्टीने ते चोर आहे, आणि अंधारात पाहणाऱ्याच्या दृष्टीने वाघाचे पिलू. पाणमांजराची गत तीच. त्याची कातडी तर मस्करॅटच्या कातडीहून मोलाची. भारतातील सामान्य पाणमांजराचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2019 मध्ये ‘साइटीस’च्या पहिल्या परिशिष्टाने बंद झाला. तथापि तळ्याकाठी लावलेला फास व्यापारासाठी लावलेला नसतो. तो रागाने लावलेला असतो. रागाचा परवाना कोणी मागत नाही, म्हणून तो नाकारताही येत नाही. तेथे गेलेल्या माशांची भरपाई, राखणीचे उपाय आणि लोकांचे सहकार्य हेच कायद्याचे हात होत.

आता ज्यांना कायद्याचे संरक्षण नव्हते त्यांच्याविषयी दोन शब्द. 1972 च्या अधिनियमाला ‘उपद्रवी प्राण्यां’ची एक अनुसूची होती, तिच्यात शेवटी कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर व घुशी हेच उरले होते. 2022 च्या दुरुस्तीने, जी 2023 च्या एप्रिलमध्ये अमलात आली, ही स्वतंत्र अनुसूचीच काढून टाकली. मात्र केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला, ठराविक प्रदेशापुरते व ठराविक मुदतीपुरते, उपद्रवी जाहीर करू शकते. घुशींच्या बाबतीत कोलकात्याला मोठा शास्त्रीय इतिहास आहे. जे. जुआन स्पिलेट ह्यांनी येथील धान्याच्या गोदामांतील छोट्या घुशीच्या जीवनक्रमाचा अभ्यास केला आणि तो 1968 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासांचे तात्पर्य शहरवासीयांनी समजून घेण्यासारखे आहे. धान्य उघडे असेल आणि बिळे मोकळी असतील, तर धरलेल्या घुशीची जागा लवकरच दुसरी घेते. पिंजरा हा उपचार आहे. बंद कोठार हे औषध आहे. उंदरांच्या बाबतीतही क्रौर्याचा प्रश्न सुटत नाही. गोंद लावलेल्या सापळ्यांत प्राणी तासन्‌तास तडफडत मरतो, म्हणून प्राणी कल्याण मंडळाने त्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिल्या आहेत. ज्याला मारण्यास हरकत नाही, त्याला छळण्यास हरकत आहे, हा विचार कायद्यात उशिरा का होईना, आला.

शेवटचा प्रश्न माणसाचा, आणि तोच सर्वांत अवघड. बिहार व बंगालमधील मीरशिकारी समाज पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरीत आला. बांबूच्या कांडाला कांडे जोडून, टोकाला झाडाचा चीक लावून, पानांआडचा पक्षी अलगद उतरविणे ही त्यांची विद्या. महाराष्ट्रातील फासेपारध्यांचे तर नावच फाशावरून पडले. तित्तिर आणि हरिण धरण्यात त्यांच्या तोडीचे कोणी नव्हते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पारधी समाजावर बसला होता. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. त्यानंतर वीस वर्षांनी आलेल्या वन्यजीव कायद्याने ह्या समाजांच्या हातातील कसब नियमाखाली आणले, आणि 1991 मध्ये ते सरळ गुन्हा ठरले. प्राण्यांच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता. परंतु परवाना काढून घेताना त्या जागी दुसरा घास देण्याची तरतूद कायद्यात नव्हती. परिणाम असा की, मुनिया आणि पोपट धरले जातच राहिले. कोलकात्याच्या उत्तरेस गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी भरणाऱ्या बाजारात परदेशी जातीचे पाळीव पक्षी विकले जातात. त्यांच्या आडून येणाऱ्या देशी पक्ष्यांसाठी वनखात्याला छापे घालावे लागले आहेत. पकडला जातो तो बहुधा टोपलीवाला. टोपली भरून मागविणारा क्वचितच.

ह्या अंधारात एक उजेडाची तिरीप आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली ह्यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर सुरू केला, तेव्हा पक्ष्याला इजा न करता धरणार कोण, हा प्रश्न आला. उत्तर मीरशिकाऱ्यांनी दिले. बिहारमधील अली हुसेन ह्यांचे नाव ह्या कामामुळे पक्षिशास्त्रज्ञांत सर्वपरिचित झाले. भरतपूरच्या सरोवरावर त्याच फाशांनी, त्याच हातांनी धरलेले पक्षी कडे लेवून पुन्हा आकाशात गेले, आणि भारतीय बदके कोणत्या देशातून येतात हे जगाला कळू लागले. बाजाराच्या टोपलीत जे कसब मृत्यूचे साधन होते, तेच बाराव्या कलमाच्या छायेत ज्ञानाचे साधन ठरले.

श्रोतेहो, सापळ्याच्या नियमांची ही वाटचाल पाहिली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. कोणता प्राणी, केव्हा आणि कशाने, ह्या प्रश्नांची उत्तरे कायद्याने क्रमाक्रमाने दिली आणि प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा अधिक जागरूक होते. धरणाऱ्याचे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर अजून कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेलेले नाही. ते भरतपूरच्या पाण्यावर केवळ एकदा दिसून गेले आहे. ज्याला पाणथळीतील प्रत्येक पाऊलखूण वाचता येते, असा माणूस पाणथळीचा राखणदार होऊ शकतो. त्याला तसे होऊ देण्याची व्यवस्था जेव्हा नियमाइतकीच पक्की होईल, तेव्हा बाघरोलाला आणि पाणमांजराला लागणारे फास आपोआप विरळ होतील. तोवर पिंजऱ्यातला देशी पक्षी विकत न घेणे, एवढा एक नियम मात्र प्रत्येक नागरिकाला, कोणत्याही अधिनियमाची वाट न पाहता, आजपासून पाळता येण्यासारखा आहे.